व्हिजिटिंग आर्किटेक्ट म्हणून शिकवायला बोलावलंय: स्टुडिओत काय न्यायचं, लेक्चरला काय दाखवायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं आहे की कोल्हापुरात तुमची १४ वर्षांची प्रॅक्टिस आहे, ऑफिस छोटं, हाताखाली दोन ज्युनिअर, आणि जवळच्या एका विद्यापीठाच्या आर्किटेक्चर विभागाने तुम्हाला व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून बोलावलंय. तिसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ, आठवड्यातून दोन दिवस, शिवाय सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्या कॉलेजसमोर तासाभराचं लेक्चर, विषय ‘तुमचं काम’. कधी शिकवलेलं नाही, मास्टर्स केलेलं नाही, तर जमेल का, लेक्चरला काय दाखवायचं आणि ऑफिसचं काय होणार, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यात प्रॅक्टिस करते आणि बरीच वर्षं व्हिजिटिंग म्हणून शिकवते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

‘मला शिकवता येईल का’ हा प्रश्न माझ्या मते थोडा बाजूला ठेवा. शिकवायला तिथे पूर्णवेळ शिक्षक आहेत, ते रोज मुलांसोबत असतात, सिलॅबस, अटेंडन्स, इंटर्नल मार्क सगळं तेच सांभाळतात आणि त्यांच्यातले बरेच जण थिअरी तुमच्यामाझ्यापेक्षा पक्की जाणतात. तुम्हाला बोलावतात ते अशा एका गोष्टीसाठी जी त्यांना रोज देता येत नाही. दोन्ही बाजू बरोबर असताना, पैसे कमी असताना, पाऊस तोंडावर आलेला असताना आर्किटेक्ट निर्णय कसा घेतो, ती गोष्ट. मुलं इमारती बघतात, मोबाइलवर दिवसभर बघतात, पण ती इमारत तशी का झाली, कुठे वाकली, कशासाठी काय सोडून दिलं हे त्यांना कुठेच दिसत नाही. ते घेऊन जायचंय. बाकी सगळं मी ह्याच अंगाने लिहिणारे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगते. वर्ग ४० चा असेल आणि तीनचार शिक्षकांत वाटला असेल तर तुमच्याकडे दहाबारा मुलं येतील, तेवढ्यात काम होतं. तीच संख्या वीस झाली तर एकेका मुलाला दिवसात पंधरा मिनिटंही मिळत नाहीत, मग तुमची सगळी पद्धत बदलावी लागेल, ग्रुपने बोलावं लागेल. दुसरं, ब्रीफ (मुलांनी कशाचं डिझाइन करायचं ते) तुम्ही ठरवणार की आधीच ठरलंय. तिसरं म्हणजे स्टुडिओ कोऑर्डिनेटर कोण आहे आणि त्यांच्याशी तुमचं जमतं का. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, त्यावर पुढे येते.

प्रॅक्टिस करणाऱ्याने शिकवावं ही गोष्ट आपल्याकडे अजिबात नवी नाही, त्यामुळे संकोच करू नका. मुंबईच्या जे.जे. कॉलेजमध्ये क्लॉड बॅटली हे ब्रिटिश आर्किटेक्ट १९२३ ते १९४३ आर्किटेक्चरचे प्रमुख होते आणि त्याच काळात ग्रेगसन, बॅटली अँड किंग ह्या फर्ममधून त्यांचं कामही चालू होतं, आपण ज्या मुंबई सेंट्रल स्टेशनवर उतरतो ती १९३० ची इमारत त्यांचीच. ह्याच बॅटलींनी मुलांना जुन्या भारतीय इमारती टेपने मोजून त्यांची ड्रॉइंग काढायला लावली, आजही मेजर्ड ड्रॉइंगचा जो अभ्यास आपण करतो त्याच्या मुळाशी ते काम आहे. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी जे.जे.त शिकले, जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएच्या पॅरिसच्या ऑफिसात राबले आणि १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादला आर्किटेक्चरचं स्कूल सुरू केलं, स्वतःचं ऑफिस चालू ठेवूनच. त्याच सुमारास तिथे आयआयएमचं काम अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान्हकडे आलं. कान्ह स्वतः फिलाडेल्फियात पेन्सिल्वेनिया विद्यापीठात शिकवायचे आणि तिथून अहमदाबादला ये-जा करायचे, १९७४ च्या मार्चमध्ये अशाच एका फेरीवरून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं. विचार करा, त्या वर्षांत अहमदाबादला शिकणाऱ्या पोरांच्या गावातच विटेच्या त्या मोठ्या कमानी उभ्या राहत होत्या, पुस्तकात छापून यायच्या आधी. चालू काम आणि वर्ग इतके जवळ असणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि छोट्या प्रमाणात ती तुम्हीही देऊ शकता.

मास्टर्सचं म्हणाल तर पूर्णवेळ नेमणुकीला त्याची अट असते, व्हिजिटिंगला मुख्यतः तुमचं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन चालू आहे ना आणि अनुभव किती हे बघतात, पण विद्यापीठागणिक फरक असतो तेव्हा एचओडींना (विभागप्रमुखांना) सरळ विचारा. तुमच्या प्रश्नाखाली एकांनी ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ सुचवलंय. ती यूजीसीची २०२२ ची वेगळी योजना आहे, तिला साधारण १५ वर्षांचा अनुभव लागतो, डिग्रीची औपचारिक अट नाही, आणि मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, अपवाद म्हणून आणखी एक. तुमची १४ झालीत. आत्ता त्याच्या मागे लागू नका, एक सेमिस्टर साधं व्हिजिटिंग करून बघा.

आता स्टुडिओ.

ऑफिसात आपण कसं काम करतो? ज्युनिअर प्लॅन घेऊन येतो, आपण दोन मिनिटांत बघतो, पेन्सिल घेतो, टॉयलेट इकडे सरकव, डक्ट जुळव, जिना फिरव, झालं. तिथे ते बरोबरच आहे कारण क्लायंट थांबलाय आणि चूक झाली तर पैसे आपले जातात. हीच सवय स्टुडिओत नेली की नुकसान होतं. तुम्ही मुलाच्या ट्रेसिंगवर उत्तर काढून दिलंत की पुढच्या आठवड्यात ते स्वच्छ ट्रेस होऊन तुमच्यासमोर येतं आणि मूल म्हणतं, सर तुम्ही सांगितलं तसं केलंय. सेमिस्टर संपेपर्यंत भिंतीवर तुमचीच बारा डिझाइनं लागतात आणि बारा मुलांपैकी कुणालाही ‘हे असं का’ विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून डेस्क क्रिटला, म्हणजे एकेका मुलाच्या टेबलापाशी त्याच्या कामावर बोलायला, बसताना मी माझा स्वतःचा ट्रेसिंगचा रोल घेऊन बसते. काही दाखवायचंच असेल तर ते माझ्या कागदावर, आणि उत्तर नाही काढायचं, मुलाला जे दिसत नाहीये तेवढंच काढायचं.

उदाहरण देते म्हणजे कळेल. तिसऱ्या वर्षाचा ब्रीफ होता गावातलं वाचनालय, तळमजला अधिक एक. एक मुलगा प्लॅन घेऊन आला, छान होता, मधे चौक, चौकाला लागून वाचनाची खोली, आणि कोपऱ्यात जिना, जिन्याची लांबी काढली होती साडेचार मीटर. मला बघताक्षणी कळलं की हा जिना वर पोचत नाही. मी तसं म्हटलं नाही. विचारलं, मजल्याची उंची किती धरलीस? म्हणाला ३.६ मीटर. पायरीची उंची? १५० मिलिमीटर, पब्लिक बिल्डिंग आहे ना. मग मोज. त्याने मोजलं, २४ उठाव (पायरीच्या उभ्या बाजू). दोन फ्लाइटमध्ये, म्हणजे जिन्याच्या दोन सलग भागांत, १२-१२. बारा उठावांना पाय ठेवायला ११ पायऱ्या, ३०० ची एक, म्हणजे ३.३ मीटर. दोन्ही टोकांना लँडिंग किती देतोस? दीड-दीड. बेरीज कर. ६.३. मग तो गप्प झाला, स्केल घेऊन प्लॅनवर लावला, आणि त्याला दिसलं की १.८ मीटर जिना वाचनाच्या खोलीत घुसतोय.

इथे खरा स्टुडिओ सुरू होतो. आपण ऑफिसात असतो तर जिना फिरवून मोकळे झालो असतो. मी त्याला म्हटलं, तीन रस्ते शोधून आण आणि प्रत्येकात काय गमावतोस ते शीटच्या कोपऱ्यात लिही. पुढच्या वेळी तीन आले. एकात उंची कमी करून ३.३ केलेली, त्यात दोन उठाव वाचले पण वाचनालयात पंखा आणि बीम धरून खोली दबत होती हे त्याला सेक्शन (इमारत उभी कापली तर दिसेल ते ड्रॉइंग) काढल्यावर स्वतःलाच दिसलं. दुसऱ्यात जिना बाहेर काढलेला, पण मग पावसात मुलं पुस्तकं घेऊन भिजत वर जाणार. तिसऱ्यात त्याने जिना चौकाच्या बाजूला आडवा घातला आणि मधलं लँडिंग रुंद करून तिथे बाक टाकला, पेपर वाचायला. प्लॅन बदलला, चौक थोडा लहान झाला, पण त्या इमारतीतली सगळ्यात चांगली जागा तीच झाली. ती मी नाही सुचवली, मला सुचलीही नसती कदाचित. मी फक्त त्याला आकड्यापाशी थांबवलं होतं.

तर व्हिजिटिंग आर्किटेक्टचं डेस्कवरचं काम म्हणजे हे, अनुभवाने आपल्याला जे पटकन दिसतं त्या जागी मुलाला नेऊन उभं करायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं फार अवघड जातं सुरुवातीला, आपल्याला उत्तर माहीत असतं आणि घड्याळ चालू असतं. तरी बसा.

अजून काही गोष्टी स्टुडिओबद्दल, सुट्या सुट्या. तुमच्या भागातल्या कॉलेजात गडहिंग्लज, जत, चंदगड कुठून कुठून पोरं येतात, घरी मराठी, शाळा मराठी, आणि इथे ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं, इंग्रजीत. डिझाइन मनात पक्कं असतं पण बोलायला उभं राहिलं की ‘सर्क्युलेशन’, ‘इंटरॅक्टिव्ह स्पेस’ असले चार शब्द फिरवत बसतात. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा की माझ्याशी मराठीत बोला. फरक लगेच पडतो. एक मुलगी तीन आठवडे नुसती मान हलवत होती, मराठीत बोलायला लागल्यावर तिने सोप्यात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना रस्ता कसा दिसला पाहिजे, गोठ्याचा वास कुठल्या बाजूने येतो, बायका दुपारी निवडायला कुठे बसतात हे इतकं बारकाईने सांगितलं की तिचा सगळा प्लॅन त्यावर उभा राहिला. फायनल ज्युरीची तयारी इंग्रजीत करून घ्या, ती लागतेच, पण विचार होऊ द्या त्यांच्या भाषेत.

रेंडरिंगचं आणि आता एआयच्या चित्रांचं. दुसऱ्याच आठवड्यात मुलं झकास व्ह्यू घेऊन येतील, झाडं, सोनेरी ऊन, काच, सगळं. मी रागवत नाही, ती साधनं त्यांना वापरावीच लागणार आहेत. मी म्हणते, ह्याच व्ह्यूमधून एक सेक्शन काप, १:५० ला, आणि छपराचं पाणी कुठून खाली येतं ते निळ्या पेन्सिलीने दाखव. बहुतेक वेळा चर्चा तिथून खऱ्या इमारतीवर येते.

साइट. जमेल तितकं लवकर मुलांना तुमच्या चालू साइटवर न्या, आणि न्यायचंच तर स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी न्या. पूर्ण झालेल्या इमारतीत मुलं फोटो काढतात, स्लॅबच्या आदल्या दिवशी त्यांना प्रश्न पडतात. सळया अंथरलेल्या असतात, खाली कव्हर ब्लॉक, टॉयलेटचा भाग सन्क केलेला (खाली घेतलेला), प्लंबरने पाइपसाठी स्लीव्ह सोडलेल्या, इलेक्ट्रिशियनचे पाइप सळयांच्या मधून फिरलेले, आणि सेंटरिंगचा मुकादम सांगत असतो की ह्या बीमखालचा टेकू कधी काढायचा. प्लॅनवर जी नुसती तुटक रेघ असते ती बीम म्हणजे दोन फूट खोल जड वस्तू आहे आणि ती त्यांच्या खिडकीच्या डोक्यावर बसणार आहे, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मुकादमाला बोलू द्या, तुम्ही मधे अनुवाद करू नका. हेल्मेट, बूट, ठेकेदाराची परवानगी आणि कॉलेजचं लेखी पत्र एवढं मात्र आधी करा, मुलांची जबाबदारी मोठी असते, आणि पावसात परांचीवर कुणालाही चढू देऊ नका.

आणि वेळेचा हिशोब. सेमिस्टर कागदावर पंधरासोळा आठवड्यांचं असतं. पण जुलैत सुरू झालं तर मधे गणपती, मग नवरात्र-दसरा, मधे इतर विषयांची सबमिशन, आणि दिवाळी आली की संपलं. हातात खरे स्टुडिओचे दिवस त्या मानाने खूप कमी उरतात. म्हणून ब्रीफ तुमच्या हातात असेल तर लहान ठेवा. मोठं हॉस्पिटल किंवा कॅम्पस देऊन मुलं बबल डायग्रामवरच (कुठली खोली कुठे हे गोल काढून ठरवण्यावरच) थकतात, त्यापेक्षा छोटी इमारत द्या आणि डिटेलपर्यंत न्या, खिडकीची चौकट भिंतीत कशी बसते आणि छज्जाखालून पाणी परत भिंतीकडे का येतं इथपर्यंत.

ज्युरीबद्दल मी जरा कडक आहे. आपल्या पिढीने काय काय बघितलंय, शीट फाडणं, मॉडेल टेबलावरून ढकलणं, सगळ्यांसमोर ‘तू लाइन चुकलास’ म्हणणं. त्याने कुणीही चांगला आर्किटेक्ट झालेला मी पाहिलेला नाही, सोडून गेलेली हुशार मुलं मात्र पाहिलीत. मूल रात्र रात्र जागून उभं असतं. कामाबद्दल स्पष्ट बोला, नापास करायचं असेल तर कारण सांगून करा, पण बोलायचं ते शीटवरच्या रेघांबद्दल. मी ज्युरीत प्रत्येकाला आधी एकच विचारते, ह्यातला तुझा सगळ्यात अवघड निर्णय कुठला होता. ज्याने खरंच काम केलंय तो लगेच बोट ठेवतो, आणि पुढची दहा मिनिटं त्या बोटाखालच्या जागेवरच बोलायचं.

आता तुमचं लेक्चर. इथे बहुतेक आर्किटेक्ट काय करतात, तासात पंचवीस प्रोजेक्ट दाखवतात. फोटो, फोटो, फोटो, हे आमचं इंटीरियर, हे रो हाउस, हे मंगल कार्यालय, ह्याला बक्षीस मिळालं. मुलं टाळ्या वाजवतात आणि काहीही घेऊन जात नाहीत. माझा आग्रह आहे की एकच इमारत घ्या. जास्तीत जास्त दोन. आणि फोटोने सुरुवात करू नका, साइटच्या पहिल्या मोजणीपासून सुरू करा, तुमच्या हातच्या स्केचपासून, ज्यात क्लायंटचा फोन नंबर आणि सिमेंटचा भाव पण लिहिलेला असतो तो कागद (नंबर तेवढा झाका).

मी स्वतः गेली काही वर्षं लेक्चरला कोकणातलं एक घर दाखवते. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मंगलोरी कौलं, छपराला ३० अंशांचा उतार, पुढे पडवी. ड्रॉइंग तयार झालं, चौथरा निम्मा झाला, आणि क्लायंटच्या आई म्हणाल्या पडवी लहान आहे, माणसं बसली की आत जायला वाट राहत नाही, तीन फूट वाढवा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्या घरात आयुष्य पडवीतच जाणार होतं. मी मुलांना इथे थांबवते आणि विचारते, तीन फूट म्हणजे ९०० मिलिमीटर पडवी पुढे नेली तर काय होईल? कुणीतरी म्हणतं काही नाही, छप्पर पुढे ओढायचं. मग फळ्यावर सेक्शन काढते. ३० अंशांच्या उताराला ९०० पुढे गेलं की पागोळीची कड साधारण ५२० ने खाली येते. आधी कड होती घराच्या जमिनीपासून २५५० वर, आता ती आली २०३० वर. उंच माणूस हात वर करून उभा राहू शकत नाही आणि बसलेल्या माणसाला समोरचं आभाळ दिसत नाही, नुसती कौलांची कड.

मग पर्याय. उतार कमी करायचा? कोकणात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वारा समोरून येतो, कमी उतारावर कौलांच्या सांध्यातून पाणी उलटं आत शिरतं. अख्खं छप्पर वर उचलायचं? चिऱ्याचे दोन थर सगळ्या घराभोवती वाढतात, खर्च वाढतो आणि भिंती जास्त भिजतात. की पडवीची जमीनच खाली घ्यायची? जुन्या कोकणी घरात पडवी ओटीपेक्षा खाली असतेच. तीन पायऱ्या, १५० ची एक, म्हणजे ४५० खाली गेलो की कड पडवीच्या जमिनीपासून २४८० वर येते, बरोबर बसतं. पण मग जोतं? घराचं जोतं अंगणापासून ७५० होतं, पडवीचं उरलं ३००. पागोळीचं पाणी अंगणात आपटून उडतं ते पडवीत येणार. म्हणून कडेखाली दगडगोट्यांचा चर काढला, पाणी त्यात पडून जिरतं, उडत नाही. आणि तीन पायऱ्यांचा त्रास कुणाला? त्याच आईंना, ज्यांनी पडवी मागितली होती. त्यांच्याशी बसून बोललो, पायरीचा पाय रुंद केला आणि बाजूला धरायला चिऱ्याचाच कठडा घेतला.

एवढ्या एका बदलावर माझी चाळीस मिनिटं जातात आणि सभागृहात झोपलेलं कुणी नसतं, कारण मधे मधे मुलं स्वतः हिशोब करत असतात, भांडत असतात. शेवटची वीस मिनिटं प्रश्नांना. घराचा पूर्ण झालेला फोटो मी दाखवते, पण सगळ्यात शेवटी, आणि दोन फोटो, एक नवं असतानाचा आणि एक काही पावसाळे झाल्यावरचा, चिऱ्यावर शेवाळं धरलेला, कौलं काळी पडलेली. तुमच्याकडेही असं काम नक्की असेल. मोठं असायची गरज नाही. कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या वाड्याची दुरुस्ती, एखादं गुऱ्हाळ, शाळेच्या दोन खोल्या, चालतं. ज्यात तुम्हाला खरंच अडल्यासारखं झालं होतं ते काम निवडा. क्लायंटची परवानगी घ्या, नाव आणि गाव सांगायची गरज नसते.

पूर्णवेळ शिक्षकांबद्दल म्हटलं होतं, त्यावर येते. व्हिजिटिंग माणूस आठवड्यातून दोनदा येतो, मुलांना तो आवडतो, नवा असतो, बाहेरचं सांगतो. ह्यात एक धोका आहे. तुम्ही सहज म्हणून जाता की हे प्लॅनिंगचे नियम असे नसतात, आणि मुलं ते दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटर मॅडमना ऐकवतात. मुलं दोघांच्या मधे सापडतात आणि मार्क शेवटी त्या मॅडमच देणार असतात. म्हणून दर आठवड्याला स्टुडिओ संपल्यावर दहा मिनिटं त्यांच्यासोबत चहा घ्या, कुणाचं काय चाललंय, पुढच्या आठवड्यात काय मागायचं हे एकत्र ठरवा. मतभेद असेल तर मुलांसमोर उघडपणे मांडा, दोघांनी एकाच शीटसमोर उभं राहून. एका कोऑर्डिनेटर मॅडमशी माझं पार्किंग आणि चौकावरून असं तासभर भांडण झालंय, सगळ्या वर्गासमोर, अतिशय आदराने, आणि मुलं म्हणाली की त्या दिवशी सगळ्यात जास्त शिकलो. दोन जाणती माणसं वेगळं का म्हणतात हे बघायला मिळणं फार मोलाचं असतं.

ऑफिसचं थोडक्यात सांगते. दोन पूर्ण दिवस आठवड्यातून म्हणजे छोट्या ऑफिसला ओढ लागणारच. शक्य असेल तर एक पूर्ण आणि एक अर्धा दिवस मागा, आणि ते दिवस साइटवर काँक्रीटचे धरू नका. प्रवास धरा. मानधन तासावर असतं, तेवढ्यावर कुणाचं ऑफिस चालत नाही, आणि ते बऱ्याच ठिकाणी सेमिस्टर संपल्यावर टीडीएस कापून येतं. तेव्हा तास किती, प्रवासाचं काय, ज्युरीचे आणि पेपर तपासायचे वेगळे की त्यातच, पैसे कधी, हे सगळं मेलवर लेखी घ्या, लाजू नका. आणि एक गोष्ट कधीच करू नका, मुलांना तुमच्या ऑफिसच्या कामाला फुकट लावणं, कॉम्पिटिशनचं मॉडेल करून घेणं वगैरे. ती तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. चांगला मुलगा दिसला तर ट्रेनिंगला रीतसर घ्या, स्टायपेंड देऊन, तुमच्याकडचे त्याचे मार्क देऊन झाल्यावर.

आपल्या प्रॅक्टिसला काय मिळतं हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. मुलं ‘का’ विचारतात. चौकाची रुंदी एवढीच का, टॉयलेट नेहमी उत्तरेलाच का टाकता. आपण वर्षानुवर्षं हातच्या सवयीने करत असतो, आणि त्या प्रश्नांनी मला माझ्या ड्रॉइंगमधल्या किती तरी गोष्टी पुन्हा तपासायला लावल्या आहेत. माझ्या ऑफिसातली जिन्याची आणि खिडकीची स्टँडर्ड डिटेल त्यातूनच बदलली.

तेव्हा माझं मत विचाराल तर हो म्हणा, पण आज फोनवर नको. आधी एचओडींकडून तीन गोष्टी मागून घ्या: सेमिस्टरचं कॅलेंडर सुट्ट्यांसकट, ह्या वर्षीचा ब्रीफ (ठरला असेल तर), आणि गेल्या वर्षीच्या तिसऱ्या वर्षाची शीट, चांगली-वाईट सगळी, नुसती प्रदर्शनातली नाही. एक दुपार काढून ती शीट कोऑर्डिनेटरसोबत बसून बघा. मुलं कुठे अडतात ते तिथेच दिसेल आणि त्या व्यक्तीसोबत काम जमेल का हेही. सेक्शन आहेत का बघा, आणि असतील तर त्यात पाया आणि जमीन दाखवलीये का बघा. बहुतेक ठिकाणी इमारत हवेत असते. तसं असेल तर तुमच्या पहिल्या दोन आठवड्यांचा विषय ठरला, साइटची लेव्हल घेऊन या म्हणावं, पाण्याच्या नळीने घेतली तरी चालेल. लेक्चरची तारीख मात्र पहिल्या आठवड्यात घेऊ नका, तिसऱ्या-चौथ्यात मागा, तोवर तुम्हाला मुलं माहीत झालेली असतील आणि कुठली इमारत दाखवायची हे जास्त नीट ठरवता येईल.